८ एमबी

लहानपणी आमच्या घरी गेम खेळायचा कन्सोल नव्हता. मेमरी कार्ड मात्र होतं.

आत्या ठाण्याला, नौपाड्यात. आम्ही डोंबिवली पूर्वेला. आतेभावाकडे, म्हणजे दादाकडे, प्लेस्टेशन २ होता. मी सहावी-सातवीत होते. महिन्यातून एकदा तरी बाबा मला घेऊन आत्याकडे जायचे आणि मी टीव्हीसमोर बसकण मारायचे. एकदा मी दादाच्या सेव्हवर माझा सेव्ह टाकला. त्याने दोन दिवस अबोला धरला आणि मग मला वेगळं कार्डच दिलं. ‘हे तुझं. माझ्याला हात लावायचा नाही.’ काळं, काडेपेटीपेक्षा थोडं लहान, ८ एमबीचं.

ते माझ्या कंपासपेटीत असायचं. तेव्हा फास्ट लोकल पारसिकच्या बोगद्यातून जायची. बोगद्यात सगळी पोरं ओरडायची, मी पेटी घट्ट धरून बसायचे. खेळ माझ्याकडे होता, फक्त तो चालवायला मशीन ठाण्यात होतं.

दहावीला मार्क चांगले पडले म्हणून दादाला पीएसपी मिळाला. त्याच सुमारास, २०१० मध्ये, ‘स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स’ आला होता. मुंबईच्या ट्राइन गेम्सने बनवलेला, आपला गल्ली क्रिकेटचा गेम. पीएस२ वरही होता, पीएसपीवरही. मी लगेच कार्ड पुढे केलं. ‘यात घाल ना, माझी टूर्नामेंट अर्धी राहिलीय.’

दादा हसला. पीएसपीला वेगळं कार्ड लागायचं आणि त्याची चकतीही वेगळी, छोटी, प्लास्टिकच्या कवचातली. कंपनी एक, गेम एक, पण दोनदा विकत घ्यायचा आणि दोनदा पहिल्यापासून खेळायचा. ‘मग दोन्ही घेतलेल्याचा उपयोग काय?’ मी विचारलं. बारा वर्षांच्या मुलीचा प्रश्न होता, पण या धंद्यातल्या मोठ्या लोकांना त्याचं धड उत्तर शोधायला बरीच वर्षं लागली, हे मला नंतर इंजिनिअर झाल्यावर कळलं.

निन्टेन्डोने केबल काढून पाहिली होती. २००१ मध्ये त्यांचा खिशातला गेम बॉय ॲडव्हान्स आला आणि घरचा गेमक्यूबही. मधल्या केबलने हातातला स्क्रीन टीव्हीच्या खेळात सामील व्हायचा. कल्पना झकास, कारण प्रत्येकाला आपले पत्ते लपवता येतात. पण २००४ च्या ‘झेल्डा : फोर स्वोर्ड्स ॲडव्हेंचर्स’मध्ये चौघांना खेळायचं तर चार गेम बॉय हवेत आणि चार केबल्स. आमच्या बिल्डिंगमध्ये बॅट एक आणि तिचा मालक आउट झाला की मॅच संपायची, तिथे चार गेम बॉय! गेम बॉय ॲडव्हान्स ८ कोटींच्या वर खपला, गेमक्यूब सव्वादोन कोटींनाही पोचला नाही. म्हणजे ज्यांच्या खिशात एक होता, त्यातल्या बहुतेकांच्या घरी दुसरा नव्हताच. पूल बांधला, पण पलीकडे गावच नाही.

माझ्या मते त्यांची चूक केबलची नव्हती, हिशोबाची होती. एकाला दुसऱ्याचं गिऱ्हाईक बनवायचं, हा सगळा जोडणीचा हेतू. खेळणाऱ्याला मात्र दोन मशीन नको असतात, त्याला अर्धी राहिलेली टूर्नामेंट पुढे न्यायची असते.

२०१२ च्या वी यू वेळी ते जवळ आले होते. कंट्रोलरलाच स्क्रीन, म्हणजे घरातल्यांनी टीव्ही घेतला तरी तुमचा खेळ हातात चालू. संध्याकाळी सातनंतर आजीच्या मालिका लागणाऱ्या कुठल्याही वन बीएचकेसाठी हे वरदान. पण कन्सोलपासून फार लांब गेलात की सिग्नल तुटायचा. जेमतेम १ कोटी ३५ लाख खपले. त्यानंतर सातोरु इवाता यांनी २०१३ च्या सुरुवातीला घरचे आणि हातातले कन्सोल बनवणारे विभागच एकत्र केले. २०१७ चा स्विच त्यानंतरचा. तिथे जोडणीचा प्रश्नच उरला नाही, कारण मशीन एकच. डॉकमध्ये ठेवला की टीव्हीवर, उचलला की खिशात नाही पण सॅकमध्ये. १५ कोटींच्या वर गेला. निन्टेन्डोने तो भारतात अधिकृतपणे आणला नाही ती गोष्ट वेगळी. आपल्याकडे आयात केलेलाच मिळायचा.

मी सातवीत असतानाच आजोबांची कल्याणची चाळीतली खोली पुनर्विकासात गेली. बाबा आणि आत्या यांच्यात हिश्शावरून जे झालं ते मला नीट कधीच कळलं नाही. एवढंच कळलं की त्या दिवाळीला बाबा भाऊबीजेला ठाण्याला गेले नाहीत. पुढच्याही नाही. कार्ड माझ्याकडेच राहिलं.

आता मी ठाण्यातच नोकरी करते, वागळे इस्टेटला. काम सिंकचं. नेट नसताना दोन फोनवर एकच नोंद वेगवेगळी बदलली गेली, तर खरी कुठली धरायची, हे ठरवणारा कोड मी लिहिते. सोपा नियम असा की शेवटी लिहिलेलं टिकतं. तो बऱ्याचदा चुकीचा असतो, पण वाद मिटतो.

गेल्या भाऊबीजेला ऑफिसमधून थेट नौपाड्यात गेले. घरी सांगितलं नव्हतं. आत्याने दार उघडलं, क्षणभर थांबली, मग म्हणाली, ‘हात-पाय धू आधी.’

दादाची मुलगी टीव्हीवर कार्टून बघत होती आणि दादा कोपऱ्यात प्लेस्टेशन पोर्टल घेऊन बसला होता. घरच्या पीएस५ वरचा खेळ वायफायवरून हातात येतो. ‘लोकलमध्ये चालतो?’ मी विचारलं. ‘हॉटस्पॉटवर मुंब्र्यापर्यंत,’ तो म्हणाला. ‘पण मी घेतला तो हिच्यामुळे.’ त्याने मुलीकडे बोट दाखवलं. आजीच्या जागी आता पाच वर्षांची मुलगी.

ओवाळून झाल्यावर मी कार्ड काढून त्याच्या तळहातावर ठेवलं. त्याने ते उलटंपालटं करून पाहिलं आणि स्टूल ओढून माळ्यावर चढला. पीएस२ होता, जुन्या चादरीत गुंडाळलेला. लाइट लागला. पण त्याची पिवळी-पांढरी-लाल वायर लावायला नव्या टीव्हीला जागाच नव्हती.

‘कन्व्हर्टर मिळतो,’ दादा फोनवर शोधत म्हणाला. ‘गुरुवारी येईल. येशील?’

आत्या चिवड्याचा डबा भरत होती. ‘दादाला कमी तिखट लागतो,’ ती म्हणाली. तिच्यासाठी दादा म्हणजे माझे बाबा.

डबा घेऊन घरी गेले. बाबांनी झाकण उघडून एक घास घेतला आणि गुरुवारी उशीर होईल म्हटल्यावर एवढंच विचारलं, ‘ठाण्यातच ना?’