बादलीतली पणती

बालवाडीत शिकवायला लागून मला चारच महिने झाले होते. ११ मुलं, सगळ्यात लहान साडेतीन वर्षांचा, सगळ्यात मोठी नुकती ५ पूर्ण झालेली. त्यांना धारावीच्या कुंभारवाड्यात न्यायचं ठरलं आणि ते काम माझ्याकडे आलं. जन्म मुंबईतला, पण मी स्वतः कुंभारवाडा कधी पाहिला नव्हता. सोबत आमच्या मदतनीस मावशी होत्या. त्यांनी एका लांब दोरीला हातहातभर अंतरावर गाठी मारल्या, प्रत्येकाला एकेक गाठ धरायला दिली, आणि नव्वद फुटी रस्त्याच्या कडेने आमची रांग निघाली.

आदल्या महिन्यात एकटी जाऊन विचारून आले होते. "दिवाळीच्या आधी नको हां बेन," कुंभारकाका म्हणाले होते, "तेव्हा पणत्यांमधून आम्हाला जेवायला फुरसत नसते." म्हणून डिसेंबर. इथली कुंभार घराणी मूळची सौराष्ट्रातली. घरात गुजराती, गिऱ्हाइकाशी हिंदी-मराठी. पुढे चाक, मागे घर, आणि घरांच्या मधल्या मोकळ्या जागेत भट्ट्या.

मी ठरवून गेले होते: प्रत्येकाला चाकावर ५ मिनिटं, प्रत्येकाचं एक बोळकं, आणि तासाभरात परत. पहिली मुलगी चाकापाशी बसली. मोटर सुरू झाली तशी तिने दोन्ही हात फ्रॉकमागे लपवले. दुसऱ्याने जोरात दाबलं, गोळा चाकावरून निसटून भिंतीवर बसला. तिसऱ्याचे हात काकांनी आपल्या हातांत धरले. बोळकं झालं, पण ते काकांचं झालं. रांगेतली बाकीची एकमेकांना ढकलत होती, एकाला शू लागली होती, आणि आता काय करावं ते मला अजिबात सुचेना.

काकांनीच मोटर बंद केली. "एवढ्याशा हाताला चाक नाय झेपत बेन. गोळा पहिले बरोबर मधी आणावा लागतो, त्याला जोर पाहिजे. आमची पोरंपण अगोदर मातीतच खेळतात." त्यांनी जमिनीवर गोणपाट पसरलं आणि मळलेल्या मातीचा भलामोठा गोळा मध्ये ठेवला.

पुढची ४० मिनिटं मला काही सांगावं लागलं नाही. कुणी पोळ्या थापल्या, कुणी साप वळले. एक मुलगी नुसतं बोट खुपसायची आणि बाहेर काढायची. काढताना 'पच्' असा आवाज होई, आणि त्या आवाजासाठी ती पुन्हा खुपसायची. किती वेळा केलं असेल! सगळ्यात धाकट्याने माती तोंडात घातली तेव्हा माझा जीव वरखाली झाला. मावशींनी शांतपणे बोट घालून ती काढली आणि चूळ भरायला लावली. काकांच्या आईने, सगळे त्यांना बा म्हणत, गोळीत अंगठा दाबून चिमटीने कड उचलत पणती कशी करायची ते दाखवलं. ते मात्र सगळ्यांना जमलं.

मग एकाने फळीवरची सुकलेली, न भाजलेली पणती उचलली आणि हात धुवायच्या बादलीत टाकली.

तिच्यातून बारीक बुडबुडे निघाले. कड सुटली, मग बूड, आणि बघता बघता तळाशी गाळ उरला. सगळी मुलं बादलीभोवती गोळा झाली. टाकणारा रडायला लागला. "माठात तर पाणी ठेवतात!" ५ वर्षांची म्हणाली. उत्तर मलाही देता आलं नाही. बा म्हणाल्या, "ती कच्ची होती. भट्टीत नाय गेली." त्यांनी बादलीतला गाळ काढला, कोरड्या मातीत मळला आणि गोळी करून त्या रडणाऱ्याच्या हातात ठेवली. "ले, फिरसे बना."

मला तेरच्या संत गोरोबाकाका कुंभारांची गोष्ट आठवली. संतांच्या डोक्यांवर थापटणं मारून त्यांनी नामदेवांना कच्चं ठरवलं, ती. लहानपणापासून ऐकलेली, पण मडक्याचं कच्चेपण म्हणजे काय ते त्या बादलीपाशी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं. भट्टीत सुमारे ६०० अंश सेल्सिअसच्या घरात मातीच्या कणांत बांधलेलं पाणीही निघून जातं आणि मग तिचा पुन्हा चिखल होत नाही, हे मी नंतर वाचलं. भाजलेलं फुटलं की खापर. कच्च्याची पुन्हा पणती होते.

तारा­बाई मोडकांच्या बालशिक्षणातल्या कामाबद्दल मी प्रशिक्षणात वाचलं होतं. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करून त्या पुढे १९४५ मध्ये बोर्डीला गेल्या, नंतर कोसबाडला. तिथे अनुताई वाघांसह त्यांनी आसपास मिळणाऱ्या वस्तूंमधूनच मुलांना शिकवलं. परीक्षेत मी ते सगळं लिहिलं होतं. पण मुलांच्या हातात वस्तू द्यायची आणि आपण बाजूला थांबायचं, हे किती कठीण असतं ते गोणपाटापाशी कळलं. भावनगरही सौराष्ट्रातलंच, हेही तिथेच लक्षात आलं.

मुलांच्या वस्तू आठवडाभर सावलीत वाळल्या, मग भट्टीत गेल्या. मी आणायला गेले तेव्हा २३ पैकी १९ धड निघाल्या, करड्याच्या तांबड्या झालेल्या. चार फुटल्या. त्यांची बुडं जाड होती. आत ओल राहिली की तिची वाफ होते आणि वस्तू फोडते, असं काकांनी सांगितलं. खापरं मी टाकली नाहीत, मुलांना दाखवायला घेऊन आले.

लहान मुलांना कुंभाराकडे नेणार असाल तर चाकावरची पाळी मागू नका, मातीचा गोळा मागा. दिवाळीच्या आधी जाऊ नका. एक सुकलेली कच्ची पणती आणि बादलीभर पाणी मुलांपुढे ठेवा. आणि तुमच्यामुळे सकाळभर चाक बंद राहतं, त्याचे पैसे काकांनी न मागता द्या.