कोंदण

साखरपुड्याची अंगठी नव्याने घडवून घ्यावी की नाही, हा प्रश्न वाङ्मयाच्या अध्यापकांनी लिहिण्याइतका मोठा आहे, असे आम्हांला प्रथम वाटले नव्हते. खडा कोंदणात हलू लागला होता आणि कोंदणाचा झिजलेला काठ साडीच्या पदरात अडकत होता, इतकेच. म्हणून गेल्या श्रावणात एका दुपारी आम्ही दोघे लक्ष्मी रस्त्यावर, सोन्या मारुती चौकाजवळच्या एका पेढीवर गेलो. काम तासाभराचे होते. निर्णयाला तीन आठवडे लागले.

ही अंगठी मुळात आईंची. आईंचा विवाह 1965 सालचा. आमच्या साखरपुड्याच्या दिवशी त्यांनी ती स्वतःच्या बोटातून काढली आणि आमच्यापैकी जी त्यांची सून होणार होती, तिच्या बोटात घातली. साखरपुड्यात खरे महत्त्व साखरेच्या पुड्याचे आणि दिलेल्या शब्दाचे. ‘वाङ्निश्चय’ हा शब्द तर केवळ वाणीवर भिस्त ठेवतो. अंगठी या विधीत मागाहून आली. आमच्या घरात ती अशी आली.

पेढीवरच्या तरुणाने अंगठी यंत्राखाली धरली आणि थोड्या कणवेने म्हणाला, “ताई, हे चौदा कॅरटचंच आहे.” त्याचे कारण आम्हांला ठाऊक होते. जानेवारी 1963 मध्ये, मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना, सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले आणि 14 कॅरटहून अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडवण्यास मनाई झाली. म्हणजे शंभर भागांत सोने साडेअठ्ठावन्न भागांच्या आसपास, बाकी तांबे-चांदी. देशभरातील असंख्य सोनारांचा धंदा बसला. शुद्धतेचे ते बंधन 1966 मध्ये उठले. नियंत्रणाचा कायदा मात्र 1990 पर्यंत टिकला. आईंचे लग्न नेमके त्या मधल्या काळातले. कमी कसाचे सोने त्यांच्या वाट्याला सरकारी नियमाने आले होते.

“मोडून टाका आणि टाइमलेस काहीतरी करून घ्या,” असे म्हणत त्या तरुणाने चित्रांचे पुस्तक पुढे केले. सहा नख्यांनी उंच उचलून धरलेला एकच खडा, खाली सडपातळ वळे. हा कालातीत घाट न्यूयॉर्कच्या टिफनी पेढीने 1886 मध्ये बाजारात आणला. आणि हिरा चिरंतन असतो हे जगाला पटवणारे डी बिअर्सचे घोषवाक्य एका जाहिरातसंस्थेत 1947 मध्ये लिहिले गेले. कालातीतालाही जन्मसाल असते, याची आम्हांला गंमत वाटली. अभिजात म्हणजे काळाच्या कसोटीवर उतरलेले, असे उत्तर आमचे विद्यार्थी दरवर्षी लिहितात आणि आम्ही त्याला गुण देतो. कस, कसोटी, घाट, घडण, अलंकार: आपल्या समीक्षेची निम्मी परिभाषा सोनाराच्या दुकानातून उसनी आणलेली आहे, हे त्या काउंटरपाशी उभे असताना प्रथमच लख्ख जाणवले.

तरीही आम्ही अडलो ते दुसऱ्याच कारणाने. आईंची स्मृती गेली तीन वर्षे ओसरत चालली आहे. मुलाला त्या कधी आपला भाऊ समजतात. सुनेचे नाव त्यांना आठवत नाही. पण ती शेजारी बसली की त्या तिचा हात ओढून घेतात, अंगठ्याने अंगठी चाचपतात, दोन-तीनदा फिरवतात आणि मग विचारतात, “जेवलीस का?” अंगठी हाताला लागेपर्यंत ती परकी असते, लागली की घरची होते.

शाकुंतल शिकवताना आम्ही सांगत आलो आहोत की महाभारतातल्या शकुंतलेच्या कथेत अंगठी नाही. ती कालिदासाने आणली. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतल’चा पहिला प्रयोग 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यातच, आनंदोद्भव नाट्यगृहात झाला, हेही सांगतो. त्या रात्री पहिले चारच अंक झाले. म्हणजे अंगठी हरवल्याचे उघड होण्याआधीच पडदा पडला. ‘अभिज्ञान’ म्हणजे ओळखीची खूण, ही फोड फळ्यावर कितीदा लिहिली असेल! पण विसरणारा माणूस समोर असतो तेव्हा खूण बदलण्याचे धैर्य होत नाही, हे फळ्यावर लिहायचे राहून गेले होते.

अखेर त्या तरुणानेच आम्हांला रविवार पेठेतल्या एका माडीवर धाडले. तिथले कारागीर मूळचे बंगालचे. त्यांनी भिंग लावून अंगठी पाहिली आणि मोडक्यातोडक्या मराठीत सांगितले की सोने कमी कसाचे म्हणून कठीण आहे. बावीस कॅरटचे असते तर साठ वर्षांत याहून अधिक झिजले असते. मग त्यांनी दोन कोंदणे समोर ठेवली. एक नख्यांचे, उघडे. त्यात खड्याला खालूनही उजेड मिळतो. दुसरे बंद, सभोवार सलग काठाचे. उघड्यात आईंचा लाल खडा झळकला असता. आमच्यापैकी एकीने डोळे मिटून दोन्हींवरून अंगठा फिरवला आणि बंद कोंदण निवडले. वळे तेच राहील, ते आटवायचे नाही. झिजलेला काठ काढून त्याच कसाच्या सोन्याचा नवा बसवायचा, असे ठरले. घडणावळ आम्ही योजली होती त्याच्या चौथाईही झाली नाही.

शाकुंतलच्या सातव्या अंकात दुष्यंत ती अंगठी परत देऊ करतो, तेव्हा शकुंतला ती घेत नाही. तिचा त्या अंगठीवर आता विश्वास उरलेला नसतो. तो प्रसंग आम्ही आजवर मानिनीच्या करारीपणाचा म्हणून शिकवत होतो. आता तसा शिकवता येईल असे वाटत नाही. सारी ओळख एवढ्याशा वस्तूवर टांगलेली असते, याचे भय तिला आपल्याहून अधिक ठाऊक होते.

अंगठी घेऊन घरी आलो त्या संध्याकाळी आईंनी नेहमीप्रमाणे हात ओढून घेतला. अंगठा नव्या काठावर आला आणि थांबला. त्यांनी मान वर करून पाहिले. आम्ही दोघे काही बोललो नाही. मग अंगठा खाली वळ्यावर घसरला, जुन्या झिजलेल्या बाजूवर दोनदा फिरला.

“जेवलीस का?” आईंनी विचारले.