शब्दपरीक्षा

वैद्यशास्त्रात रोगी तपासण्याची जी आठ स्थाने सांगितली आहेत, त्यांत नाडी, जिव्हा आणि दृष्टी यांच्या पंक्तीला शब्दही बसला आहे. रोग्याचा स्वर पालटला तर वैद्याने तिकडे कान द्यावा, हा त्यातील अभिप्राय. घरोघरच्या संगणकालाही ही परीक्षा लागू पडते, असे मला अनुभवान्ती वाटू लागले आहे. तो बंद पडला म्हणजे आपण काळ्या पडद्याकडे पाहत बसतो. वास्तविक त्यापूर्वी कित्येक दिवस तो आपली व्यथा सांगत असतो.

आमचे इच्छापोर सुरतेहून हजिऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर. तापीचे मुख जवळ असल्याने हवा दमट व खारट, आणि तीत अवजड वाहनांची धूळ. असल्या हवेत यंत्राचे आयुष्य घटते, आणि यंत्राच्या आवाजाकडे माणसाचे लक्ष आपोआप जाते. आमच्या शेजारी हिऱ्यांना पैलू पाडणारे एक वृद्ध कारागीर राहतात. घंटीच्या फिरण्याचा सूर किंचित बदलला की ते न पाहताच हात आवरतात, असे त्यांचा मुलगा सांगतो. हा कान शाळेत मिळत नाही. नित्याचा आवाज ओळखीचा झाला म्हणजेच अनोळखी आवाज कानाला खटकतो.

संगणकाच्या तक्रारी मोजक्याच आहेत. सकाळी चालू करताच खरखर व्हावी आणि थोड्या वेळाने ती निवावी, तर दोष बहुधा पंख्याचा. धूळ साचलेली असते, किंवा त्याच्या आसाचे वंगण सुकलेले असते. चालू करताना ठरावीक शिट्ट्या वाजून यंत्र अडून बसले, तर मेमरीची पट्टी संशयास्पद समजावी. शिट्ट्यांचा अर्थ प्रत्येक कारखानदाराचा निराळा, म्हणून मदरबोर्डाची पुस्तिका जपून ठेवावी. वीज तोडून, धातूला हात लावून अंगातील स्थिर वीज उतरवावी. मग पट्टी काढून तिच्या सोनेरी कडा खोडरबराने हलकेच पुसून ती पुन्हा नीट बसवावी. निम्म्या वेळा एवढ्यानेच काम भागते. घड्याळ रोज मागे जाऊ लागले, तर नाण्याएवढी ३ व्होल्टची बॅटरी संपली असे समजावे. यंत्र मध्येच बंद पडत असेल, तर आतील कपॅसिटरांची डोकी फुगली आहेत का ते पाहावे. १९९९ ते २००७ च्या सुमारास बनलेल्या असंख्य यंत्रांत सदोष द्रवामुळे हा विकार जगभर पसरला होता. वीजपुरवठ्याची पेटी मात्र घरी कधीही उघडू नये. तार काढल्यावरही तिच्यात प्राणघातक भार शिल्लक राहू शकतो.

या सर्वांहून निराळा एक आवाज आहे: टिक्, टिक्, क्षणभर विराम, पुन्हा टिक्. हा हार्ड डिस्कचा. तिची तबकडी मिनिटाला ७२०० वेळा, म्हणजे सेकंदाला १२० वेळा फिरते, आणि वाचणारे टोक तिच्यावरून केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्शाहूनही कमी अंतरावर तरंगत जाते. टोकाला आपली जागा सापडेनाशी झाली की ते मूळ स्थानी परतते आणि पुन्हा प्रयत्न करते; त्याच येरझाऱ्या आपल्याला ऐकू येतात. पंखा बदलता येतो, मेमरी नवी आणता येते. डिस्कही बाजारात मिळते, परंतु तिच्यावर लिहिलेले बाजारात मिळत नाही.

हा आवाज आमच्या घरी ऐकू आला, तेव्हा त्या डिस्कवर आईचा कंठ होता. २००६ च्या ऑगस्टात तापीला पूर आला, उकाई धरणाचे पाणी सुटले आणि सुरतेचा फार मोठा भाग बुडाला. आम्ही त्या वेळी अडाजणला तळमजल्यावर राहत होतो. आई आधीच निवर्तली होती. तिने म्हटलेल्या लग्नातल्या कोंकणी ओव्यांच्या ध्वनिफिती चिखलात सापडल्या; त्यांतील ज्या वाळवून वाजल्या, तेवढ्या संगणकात उतरवल्या. मूळ फितींना पुढे बुरशी लागून त्या निकामी झाल्या.

टिकटिक ऐकताच मी यंत्र बंद केले. मुलाचे म्हणणे पडले, "बाबा, पुन्हा चालू करून नीट तपासू या." परंतु मरणोन्मुख डिस्कला तपासणीसाठी राबवणे म्हणजे धापा टाकणाऱ्याला जिना चढायला लावणे होय. तेव्हा सौ. म्हणाली, "अहो, आधी सासूबाईंचा आवाज काढा, बाकीचे उरले तर पाहू." सगळ्या निदानाचे सार त्या वाक्यात होते. दुसऱ्या संगणकाला ती डिस्क जोडून आम्ही प्रथम ओव्या उतरवल्या, मग कुलदेवतेच्या पालखीची छायाचित्रे, शेवटी हिशेबाचे कागद. चित्रपटांची पाळी येण्यापूर्वीच डिस्क कायमची थांबली. त्यांचे दुःख कोणालाच झाले नाही.

आता घरात नव्या पद्धतीचा साठा आहे. त्यात फिरणारे काहीच नाही, म्हणून तो निःशब्द चालतो. आणि जायचा तेव्हा बहुधा निःशब्दच जातो. कानाने सावध होण्याची सोय त्यात उरलेली नाही. ज्याची व्यथा ऐकू येत नाही, त्याच्या बाबतीत तो धडधाकट असतानाच तजवीज करावी लागते. म्हणून ओव्यांची एक प्रत कारवारला धाकट्या भावाकडे ठेवली आहे. प्रत नुसती ठेवून भागत नाही, ती वाजते की नाही हेही पाहावे लागते. त्यासाठी दर दिवाळीला तो तिकडे आणि आम्ही इकडे ती एकदा लावून ऐकतो. त्यानिमित्ताने नातवंडांनाही चार ओव्या पाठ झाल्या आहेत. ही तिसरी प्रत मला सर्वांत भरवशाची वाटते.