वसंतसंपाताची पहाट

ख्रिस्तपूर्व युरोपातील निसर्गपूजेपासून प्रेरणा घेऊन विसाव्या शतकात आकाराला आलेल्या विक्का, ड्रुइड आदी आधुनिक पेगन पंथांत वर्षभरातील आठ सणांचे एक चक्र पाळले जाते, आणि त्यांपैकी वसंतसंपाताच्या, म्हणजे सूर्य विषुववृत्त ओलांडून उत्तर गोलार्धात येतो त्या दिवसाच्या सणाला विक्कापंथीय ‘ओस्तारा’ म्हणतात. नाव पुरातन वाटले तरी ते या सणाला एडन केली या अमेरिकी विक्कापंथीयाने १९७४ च्या सुमारास दिले. त्यामागच्या ‘एओस्त्रे’ देवीचा आधार म्हणजे आठव्या शतकातील बीड या इंग्रज भिक्षूने कालगणनेच्या ग्रंथात केलेला ओझरता उल्लेख, आणि ‘ओस्तारा’ हे तिचे जर्मन रूप तर याकोब ग्रिम याने १८३५ मध्ये भाषिक तर्काने उभे केलेले. उपासकांपैकी अनेकांना हे ठाऊक असते आणि त्याने त्यांचे काही अडत नाही.

इंग्लंडमधील स्टोनहेंजच्या शिळा एरवी ठरावीक अंतरावरूनच पाहाव्या लागतात. संपाताच्या पहाटे मात्र त्यांच्यामधून वावरण्याची मुभा असते. उन्हाळ्यातील अयनदिनाला हजारोंची झुंबड उडते, तशी मार्चमध्ये नसते. बोचऱ्या थंडीत, ओल्या गवतावर उभे राहून उपासक पूर्वेकडे तोंड करतात आणि सहाच्या सुमारास आभाळ तांबूस होऊ लागले की ढोल घुमू लागतात. वस्तुतः या शिळांचा अक्ष अयनदिनांच्या सूर्याशी जुळतो, संपाताच्या नव्हे. तेव्हा येथे येण्याचे कारण खगोलापेक्षा स्थानमाहात्म्यात अधिक आहे. सूर्य पुष्कळदा ढगांआडच राहतो, तरीही विधी थांबत नाही.

सणाचा खरा जिव्हाळा मात्र घरात जाणवतो. वेदीवर, म्हणजे बहुधा एखाद्या साध्या टेबलावर, डॅफोडिलची फुले आणि समतोलाची खूण म्हणून एक काळी व एक पांढरी मेणबत्ती ठेवतात (दिवस त्या तारखेला रात्रीपेक्षा काही मिनिटे मोठाच असतो, पण खुणेला तेवढी सूट द्यावी लागते). अंडी कांद्याच्या कोरड्या सालींत गुंडाळून, वर फडके घट्ट बांधून उकळतात. सोडल्यावर कवचावर पिवळ्या-तपकिरी रंगाची संगमरवरासारखी नक्षी उमटलेली असते, आणि साल कुठे घट्ट चिकटली होती नि कुठे सुटली होती, ते तीत स्पष्ट वाचता येते. ही रीत उत्तर इंग्लंडच्या ईस्टरमधूनही चालत आलेली आहे. संपाताच्याच दिवशी अंडे उभे राहते, हा समज मात्र निव्वळ भाबडा, कारण चिकाटी असेल तर ते कोणत्याही दिवशी उभे करता येते.

भारताच्या राष्ट्रीय पंचांगातील १ चैत्र संपातालगतच, सहसा २२ मार्चला, येतो, त्यामुळे मराठी वाचकाला हा वर्षारंभाचा काळ परका वाटू नये. ऑस्ट्रेलियातील उपासक हाच सण सप्टेंबरमध्ये करतात, कारण तिकडे वसंत तेव्हा येतो. विधीनंतर बिया ओंजळीत धरून क्षणभर डोळे मिटतात, त्या कुंडीत पेरतात आणि नक्षीची अंडी सोलून न्याहारीला बसतात.