चौथ्याची जागा

कुणाच्या शोकेसमध्ये प्लास्टरची, कुणाच्या टेबलावर पितळेची, तर एखाद्या शाळेच्या आवारात सिमेंटची, ऑइलपेंटनं रंगवलेली. घडण कशाचीही असो, बैठक ठरलेली. तिघं खांद्याला खांदा लावून उकिडवी बसलेली. एकानं डोळे झाकलेत, एकानं कान, एकानं तोंड. बापूंची तीन माकडं कोणती, हे आपल्याकडच्या मुलाला वेगळं शिकवावं लागत नाही. वाईट पाहू नका, वाईट ऐकू नका, वाईट बोलू नका, हे त्यांचं सांगणं वाचता येण्याआधीच पाठ झालेलं असतं.

मी या तिघांकडे जन्मभर पाहत आलो आहे. लांबून ती सारखी दिसतात, पण तिघांचे स्वभाव अगदी वेगळे आहेत.

डोळे झाकणारं सर्वांत हळवं. पापण्या मिटून भागलं असतं, तरी त्यानं वरून दोन्ही हात दाबून धरलेत. डोळ्यांना मोह किती असतो, हे त्याला ठाऊक असावं. मिटलेली पापणी कुतूहलानं किलकिली होतेच. ज्यानं स्वतःला नीट ओळखलं आहे, तोच असा दुहेरी बंदोबस्त करतो.

कान झाकणाऱ्याचं काम अधिक कष्टाचं. डोळ्यांना पापणी आहे, तोंडाला ओठ आहेत, कानाला मात्र निसर्गानं दार दिलेलं नाही. तिथं हातच लावावे लागतात. कुणाची निंदा चालली असताना उठून जाणं किती जड जातं, हे ज्यानं करून पाहिलं आहे त्याला या माकडाचा मोठेपणा कळेल. निंदा करणाऱ्याइतकंच ऐकणाऱ्यामुळेही तिचं पोट भरतं, आणि हे माकड तिचा अर्धा घास काढून घेतं.

तोंड झाकणारं माझ्या मते तिघांतलं थोर. त्याचे डोळे उघडे, कानही उघडे. त्यानं सगळं पाहिलंय, सगळं ऐकलंय, बोलण्यासारखं त्याच्याजवळ पुष्कळ आहे. तरीही जे बोलल्यानं कुणी नाहक दुखावेल, ते त्यानं ओठांच्या आत ठेवलंय. ज्याला काहीच माहीत नाही त्याच्या गप्प बसण्याचं कौतुक कसलं? माहीत असून कडवट शब्द गिळणं ही साधना आहे. गांधीजी सोमवारी मौन पाळत. त्यांच्यात हे तिसरं माकड दर आठवड्याला जागं होत असे.

वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला, बापू कुटीत, ही माकडं पाहायला मिळतात. पूर्वेकडून आलेल्या पाहुण्यांनी दिलेली ती भेट. ज्या माणसानं अंगावरचे कपडेसुद्धा कमी केले, त्यानं ही मूर्ती मात्र जवळ ठेवली.

या माकडांचं घराणं जपानचं. निक्को इथं तोकुगावा इएयासू या राज्यकर्त्याचं समाधीमंदिर आहे, तोशोगू. तिथल्या पवित्र घोड्यांच्या तबेल्यावर आठ चौकटींत माकडांचं आयुष्य कोरलं आहे, कारण माकड घोड्यांचं रक्षण करतं अशी तिकडची श्रद्धा. त्यातली बालपणाची चौकट या तिघांची. कोवळ्या वयात वाईटाचा संस्कार होऊ नये, असा तिचा भाव. आज दिसणारं मंदिर मुख्यतः १६३६ सालच्या पुनर्बांधणीतलं आहे.

जपानमध्येच कोशिन नावाची एक लोकश्रद्धा आहे, चीनच्या ताओ परंपरेतून आलेली. माणसाच्या देहात तीन किडे राहतात आणि दर साठ दिवसांनी, एका ठरावीक रात्री तो झोपला की बाहेर पडून त्याच्या पापांची वर्दी वर देतात, असं ती मानते. म्हणून त्या रात्री लोक जागरण करत. या कोशिनच्या शिळांवरही आपली तीन माकडं कोरलेली असतात. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. इथं पाप शेजाऱ्याचं नाही, स्वतःचं आहे, आणि त्याचा साक्षीदारही आपल्याच आत बसलेला आहे.

याहून मागे गेलं की चीनमध्ये कन्फ्युशिअस भेटतो, इसवी सनापूर्वी सहाव्या-पाचव्या शतकातला. त्याचा लाडका शिष्य यान हुई त्याला माणुसकीबद्दल विचारतो. गुरू सांगतो, स्वतःला जिंक आणि मर्यादेकडे परत ये. शिष्य म्हणतो, जरा तपशिलात सांगा. तेव्हा गुरू मर्यादा सोडून असलेलं पाहायला, ऐकायला आणि बोलायला मनाई करतो. एवढ्यावर तो थांबत नाही. मर्यादा सोडून काही करूही नकोस, हे तो चौथं सांगतो.

हे चौथं वाचलं आणि तेव्हापासून मला ते जागोजागी दिसू लागलं.

निक्कोची ती चौकट घडली, त्याच काळात इंद्रायणीकाठी देहूला तुकोबा अभंग रचत होते. दोन्ही गावांना एकमेकांचा पत्ता असण्याचा प्रश्नच नव्हता. तरीही तुकोबांच्या एका प्रसिद्ध अभंगात ही तिघं त्याच क्रमानं येऊन बसली आहेत. पाप दाखवणाऱ्या डोळ्यांपेक्षा अंधत्व बरं, निंदा ऐकणाऱ्या कानांपेक्षा बहिरेपण बरं, अमंगळ बोलणाऱ्या मुखापेक्षा मुकेपण बरं, असं तुकोबा देवाजवळ मागतात. मग तेही चौथ्याकडे वळतात आणि परस्त्रीच्या मोहात पडण्यापेक्षा मरण पत्करतात. पाहणं, ऐकणं, बोलणं झालं की शेवटी वागणं. गांधीजींच्या आश्रमातल्या आश्रमभजनावलीत तुकोबांचेही अभंग होते, आणि १९३० साली येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनी त्या भजनावलीचं इंग्रजी भाषांतर केलं. माकडं जपानहून आली असतील, पण त्यांचं म्हणणं या मातीला परकं नव्हतं.

धम्मपदातल्या भिक्खुवग्गात डोळ्यांचा आणि कानांचा संयम सांगितला आहे. तो वाणीपाशी थांबत नाही, काया आणि मनापर्यंत जातो. यशया या हिब्रू संदेष्ट्याच्या ग्रंथात, तेहतिसाव्या अध्यायात, नीतीनं चालणाऱ्या माणसाचं वर्णन आहे. तो सरळ बोलतो, रक्तपाताच्या गोष्टींना कान देत नाही, वाईटावर डोळे टेकवत नाही, आणि लाच घ्यायला पुढे होऊ पाहणारे हात झटकून टाकतो. इथंही वाणी, कान आणि डोळे यांच्या पंक्तीत हात आहेतच. आपल्याकडचा उपनिषदांचा एक शांतिपाठ याच गोष्टीची दुसरी बाजू दाखवतो. कानांनी मंगल ऐकावं, डोळ्यांनी मंगल पाहावं, असं मागणं त्यात आहे. नुसतं दार लावून भागत नाही, आत काय घ्यायचं तेही ठरवावं लागतं.

इतक्या परंपरा, इतके देश, इतक्या भाषा. चीनचा गुरू, देहूचा वाणी, बुद्धाचा संघ, यरुशलेमचा संदेष्टा. सगळे इंद्रियांपासून निघून आचरणापाशी पोचतात. मूर्तिकारानं मात्र तिघांनाच घडवलं. चौथं माकडही कुठं कुठं घडवतात, हात आवरून बसलेलं, पण जगात नाव झालं ते या तिघांचं. चौथं मागे राहिलं, आणि तिथंच या तिघांवर मोठा अन्याय झाला.

आज या तिघांचं नाव बहुतेक वेळा टोमणा म्हणून येतं. अन्याय पाहून न पाहिल्यासारखं करणाऱ्याला, तक्रार कानाआड करणाऱ्याला, बोलायचं तिथं गप्प बसणाऱ्याला आपण गांधीजींचं माकड म्हणतो. पश्चिमेकडेही त्यांचा हाच अर्थ रूढ आहे. २०१० साली ती युनिकोडमध्ये इमोजी म्हणून दाखल झाली आणि तेव्हापासून लाजायला, जीभ चावायला, हसण्यावारी न्यायला फोनवर वापरली जातात. हसू असू द्या, त्याला माझी हरकत नाही. भेकडपणाचा आरोप मात्र मला मान्य नाही.

ज्याच्याजवळ ती बसली, त्याचंच आयुष्य पाहा. १९१७ साली चंपारणमध्ये गांधीजींनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हजारो शेतकऱ्यांच्या जबान्या लिहून घेतल्या. ते कान झाकणं नव्हे. १९२७ साली कॅथरिन मेयो या अमेरिकी लेखिकेचं भारतावर टीका करणारं ‘मदर इंडिया’ हे पुस्तक आलं, तेव्हा गटार तपासणाऱ्याचा अहवाल म्हणून त्यांनी त्याचा समाचार घेतला. पण त्याच लेखात, प्रत्येक भारतीयानं ते वाचलं तर त्याचा फायदाच होईल, असंही लिहिलं. ते डोळे झाकणं नव्हे. बंगालमधल्या नोआखालीत दंगलींत माणसं मारली गेली, तेव्हा वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी ते अनवाणी गावोगाव हिंडले. दुसऱ्याचं दुःख पाहायला त्यांचे डोळे सताड उघडे होते. झाकायचं होतं ते स्वतःतलं: बघण्यातली वासना, ऐकण्यातली चटक, बोलण्यातलं विष. मूर्तीतली तिघं काय करू नये ते सांगत राहिली, आणि काय करावं ते या माणसानं जगून दाखवलं. चौथ्याची जागा त्यानं स्वतः घेतली होती.

म्हणून मला या तिघांविषयी आदर आहे. त्यांनी कधी सर्वज्ञपणाचा आव आणला नाही. ती कुणा एका धर्माची नाहीत, त्यामुळे त्यांच्यापुढे बसायला कुणाला आपली श्रद्धा बाहेर काढून ठेवावी लागत नाही. दुसऱ्याच्या तोंडावर हात ठेवायला त्यांनी कधी सांगितलं नाही. तिघांचेही हात स्वतःच्याच चेहऱ्यावर आहेत. हे लक्षात राहिलं तरी पुष्कळ झालं, कारण नीतीच्या नावाखाली दुसऱ्याचं तोंड बंद करणारे हात आपल्या अवतीभवती कमी नाहीत.

त्या तिघांचे हात गुंतलेले आहेत. आपले मोकळे आहेत. घरात ही मूर्ती असेल तर मुलांना तीन वाक्यांवर थांबवू नका. वाईट करू नका, हे चौथंही शिकवा. आणि त्याच्याबरोबर हेही सांगा की समोर अन्याय होत असेल तेव्हा पाहायचं, ऐकायचं, बोलायचं, आणि लागेल ते करायला पुढे व्हायचं.