भिंतीवरचे पेपर

दोस्तांनो, तुम्ही झोपता त्या खोलीच्या भिंतींना काय लावलंय? चुना? ऑइलपेंट? की शहरातल्या नव्या फ्लॅटमध्ये दिसतो तसा फुलाफुलांचा कागद? माझ्या मामाच्या घरी भिंतींना वर्तमानपत्रं होती. चारही बाजूंनी, जमिनीपासून हात पोचेल तिथपर्यंत.

मामाचं गाव मढ. पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर तालुक्यात. ओतूरहून माळशेज घाटाकडे जाणारी एसटी पकडली की घाटाच्या अलीकडे आमचं मढ. जवळच सिंदोळ्याचा डोंगर, आणि पाऊस असा की चार-चार दिवस कपडे वाळायचे नाहीत. घर दगडमातीचं, पण आतल्या खोल्यांच्या भिंती कारवीच्या कुडाच्या, वरून शेणामातीनं लिंपलेल्या. लिंपण जुनं झालं की माती झडून अंथरुणात पडायची, फटींतून गार वारा यायचा. म्हणून खळ करून त्यावर पेपर चिकटवायचे. ते धुरानं काळे पडले की त्यांच्यावरच नवे. असे थरावर थर.

१९८८ सालच्या दिवाळीच्या सुट्टीतली ही गोष्ट. मी सातवीत होतो. तुळशीचं लग्न झालं की धाकट्या मामाचं लग्न होतं. नवी मामी येणार म्हणून आतली खोली चुन्यानं पांढरी करायची ठरली. पण कागदावर चुना टिकत नाही. ओला चुना लागला की कागद फुगतो आणि वाळला की चुन्यासकट पापडासारखा सुटतो. म्हणजे आधी पेपर काढणं आलं.

"मी काढतो! एका दिवसात!" मी म्हटलं. मामानं दोन रुपये कबूल केले.

घट्ट बसलेला कागद तुम्ही कधी भिंतीवरून ओढून पाहिलाय? नसेल तर सांगतो, तो तुमची चेष्टा करतो. कोपरा धरून ओढला की सर्रकन हातभर पट्टी निघते, आपण खूश होतो, आणि खाली बघतो तर दुसरा थर जिथल्या तिथं. तो नखाएवढ्या तुकड्यांनी निघतो. तिसरा तर निघतच नाही. मी वैतागून खुरपं घेतलं. खुरप्यानं कागद निघाला, पण मातीचा पोपडाही निघाला आणि आतली कारवी दिसायला लागली.

"कागद काढतोयस का भिंत पाडतोयस?" मामा ओरडला.

तुम्हाला वाटेल, खालच्या थरात मला माणूस चंद्रावर उतरल्याची बातमी वगैरे सापडली असेल. छे! गुळाचे भाव, सिनेमाच्या जाहिराती, बदललेल्या नावांच्या सूचना आणि केसाच्या तेलाची बाटली हातात धरून हसणारी एक बाई.

मी सुरुवात केली होती दाराजवळच्या कोपऱ्यापासून. तिथं आजी अंथरूण घालायची. या कोपऱ्यात एक गंमत होती. बाकी भिंतीला चार थर, इथं मात्र एकच, काळाकुट्ट, तुकतुकीत. त्यावर कुणीतरी पेन्सिलीनं अक्षरांभोवती गोल काढले होते. कुणा पोराचा उद्योग असेल, असं म्हणून मी खुरपं चालवलं. बराचसा भाग खरवडला. एक वीतभर तुकडा मात्र काही केल्या हलेना. तो उद्यावर टाकला. संध्याकाळी कागदांचा ढीग मामानं चुलवणात घातला आणि त्यावर माझ्याच अंघोळीचं पाणी तापलं.

रात्री आजी अंथरूण घालायला आली. कंदील खाली ठेवला, भिंतीवरून हात फिरवला.

"हितला कागद कुठं गेला रं?"

"काढला. सगळ्यात आधी तोच काढला," मी ऐटीत म्हणालो.

आजी काहीच बोलली नाही. मला ओरडा खायची सवय होती. या गप्प बसण्याची नव्हती. मी आईकडे पाहिलं, तर आईचे डोळे भरलेले.

मग आईनं सांगितलं. आजी शाळेत कधी गेलीच नव्हती. आई चौथीत असताना एकदा आजी ओतूरहून घरी यायला म्हणून निघाली आणि चुकीच्या एसटीत बसून आळेफाट्याला उतरली. पाटी वाचता येत नव्हती ना! कुणाला विचारायचीही लाज वाटली. अंधार पडल्यावर घरी आली, ती आईला म्हणाली, "मला ओतूरचा ओ आन मढचा म दाव." घरात पाटी एकच, ती आईच्या शाळेची. मग भिंतच पाटी झाली. आई रोज रात्री पेपरातलं एक अक्षर शोधायची, त्याला गोल काढायची, आणि आजी पडल्या पडल्या चिमणीच्या उजेडात ते बोटानं गिरवायची. म्हणून त्या कोपऱ्यावर आजीनं पुन्हा कधी पेपर लावू दिला नव्हता.

त्याच वर्षी, १९८८ साली, देशात राष्ट्रीय साक्षरता मिशन सुरू झालं होतं. आमच्या आजीचा वर्ग त्याच्या पंचवीसेक वर्षं आधी भरून गेला होता, आणि मी त्याची शाळाच जाळली होती.

सकाळी मी खुरप्याला हात लावला नाही. उरलेला तुकडा कसा वाचवायचा, हे आजीनंच दाखवलं. "भितीशी भांडू नको. पाणी पिऊ दे तिला. दमानं."

तुमच्यापैकी कुणावर ही वेळ आली तर म्हणून नीट सांगतो. खळ म्हणजे पिठात पाणी घालून शिजवलेली पेज. पिठातल्या स्टार्चचे बारीक कण गरम पाण्यात फुगतात, फुटतात आणि चिकट होतात. वाळले की घट्ट धरून बसतात. पण पुन्हा पाणी मिळालं की ते परत फुगून मऊ होतात. छपाईची शाई मात्र तेलकट असते, ती पाण्यात विरघळत नाही. म्हणजे खळ सुटते, अक्षर राहतं. आमची अडचण वेगळीच होती. त्या तुकड्यावर धुराचा तेलकट थर बसलेला, पाणी आत शिरेचना. आजीनं कोमट पाण्यात चिमूटभर धुण्याचा सोडा टाकला. मग बाभळीच्या काट्यानं, अक्षरं चुकवून, कागदावर बारीक रेघा ओढायला लावल्या. त्या रेघांतून पाणी आत गेलं. पाणी ओतायचं नाही बरं का! भिंत मातीची, ओतलं तर तीच विरघळणार. जुन्या लुगड्याचा तुकडा भिजवून, पिळून, नुसता दाबून धरायचा आणि वाट पाहायची.

वाट पाहणं हेच सगळ्यात कठीण काम. मी दर दोन मिनिटांनी कोपरा उचलून बघायचो आणि आजी माझ्या हातावर चापट मारायची. पाऊण तासानं तिनं उलथनं भिंतीला अगदी सपाट टेकवून आत सरकवलं. तुकडा अलगद निघाला, पाठीला मातीसकट.

मोठेपणी मला कळलं की हे सगळीकडेच करतात. जपानमध्ये कागदी सरकत्या दारांना आतून जुन्या पत्रांचं, हिशेबाच्या कागदांचं अस्तर लावायची पद्धत होती. अभ्यासक ते ओलं करून एकेक थर सोडवतात आणि वाचतात. जुनी हस्तलिखितं दुरुस्त करणारेही गव्हाच्या सत्त्वाची खळ पसंत करतात. कारण हेच, चुकलं तर पाण्यानं परत सोडवता येते.

उरलेल्या भिंतीला मला चार दिवस लागले. शेवटी ओल्या फडक्यानं खळीचा चिकटा पुसला, आजीनं शेणामातीनं लिंपलं, मग चुना. खोली अशी पांढरी झाली की डोळे दिपावेत. मामा खूश. आजी दारात उभी राहून म्हणाली, "ग्वाड दिसतीया. पर मुकी झाली."

दोन रुपये मी मामाकडून घेतलेच, खोटं कशाला सांगू?

तो वीतभर तुकडा आजीनं पाटाखाली दाबून वाळवला. त्यावर तीन गोल शाबूत होते: 'ज', 'म' आणि अर्धवट 'ळ'. आजीनं ते बोट ठेवून मला वाचून दाखवले. मग तिच्या ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवायला सांगितले. खळ मी केली. त्यात कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात, ते मात्र विसरलो. ती ट्रंक आता माझ्याकडे आहे, आणि 'ळ'च्या बाजूचा कोपरा कसरीनं खाल्लाय.