दादांसाठी बोट निवडताना

आमच्या थोरल्या बंधूंनी मुंबईच्या गोदीत एकतीस वर्षे जहाजांवर माल चढवला-उतरवला. पण प्रवासी म्हणून त्यांचा समुद्राशी संबंध म्हणजे भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणारी लाँच, एवढाच. आता त्यांचा मुलगा अमेरिकेत सिएटलला नोकरी करतो. त्याने आईबापाला अलास्काची सफर घडवायची ठरवले आणि आम्हाला फोन केला, "काका, पैसे मी भरतो, पण बोट तुम्ही निवडा. तुम्ही हिशेबातले. मी निवडली तर बाबा म्हणतील, उधळपट्टी केलीस."

आम्ही पडलो बी.कॉम. झालेले कारकून. कोरा कागद घेतला, रकाने आखले आणि रोज कचेरीतून आल्यावर दोन तास बसलो. मोठमोठ्या बोटींच्या जाहिराती पाहिल्या की डोळे दिपतात. पाण्याच्या घसरगुंड्या काय, नाटकगृहे काय, चार-चार हजार प्रवासी काय! पण दादांचे वय एकाहत्तर आणि वहिनींचा डावा गुडघा कामातून गेलेला. त्यांना घसरगुंडी काय करायची? त्यांना पाहायचे आहेत ते डोंगर, बर्फ आणि देवमासे. म्हणून पहिला रकाना आम्ही बोटीचा नव्हे तर वाटेचा आखला. बोट कितीही छान असो, ती कुठून जाते आणि कुठे थांबते यालाच आम्ही जास्त गुण दिले.

अलास्काच्या या दक्षिण पट्ट्यात समुद्र डोंगरांमध्ये लांबवर शिरलेला आहे आणि त्याच्या टोकाला हिमनद्या थेट पाण्यात उतरतात. त्यातले नावाजलेले ठिकाण म्हणजे ग्लेशियर बे. १७९४ साली कॅप्टन व्हँकुव्हर यांच्या मोहिमेने तो पाहिला तेव्हा जवळजवळ सगळा उपसागर बर्फाखाली होता. त्यानंतर बर्फ शंभर किलोमीटरच्या वर मागे हटला. १९८० साली तिथे राष्ट्रीय उद्यान झाले. उद्यानात दिवसाला दोनच मोठ्या बोटींना प्रवेश मिळतो आणि परवाने ठराविक कंपन्यांकडे असतात. हॉलंड अमेरिका आणि प्रिन्सेस यांच्याकडे ते जास्त आहेत. परवाना नसलेल्या बोटी दुसऱ्या हिमनद्यांकडे जातात. त्याही सुंदर आहेत. पण त्यातल्या ट्रेसी आर्म नावाच्या खाडीत १० ऑगस्ट २०२५ रोजी प्रचंड दरड कोसळली आणि पाणी डोंगराच्या अंगावर शेकडो मीटर चढले. तेव्हा नुसते "हिमनदीदर्शन" असे छापलेले वाचून पैसे भरू नयेत. कोणती हिमनदी, ते नावानिशी विचारावे.

दुसरा प्रश्न निघण्याच्या बंदराचा. मुलगा सिएटलला, मग बोटही सिएटलचीच घ्यावी, हे कोणालाही वाटेल. पण त्या बोटी बहुधा व्हँकुव्हर बेटाच्या बाहेरून, उघड्या समुद्रातून जातात. कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरातून निघणाऱ्या बोटी बेट आणि मुख्य जमीन यांच्या मधल्या आडोशाच्या पाण्यातून जातात. तिथे बोट कमी हलते, आणि दोन्ही बाजूंना जंगल दिसते. वहिनींना एस.टी.च्या घाटात उलटी होते, म्हणजे हा मुद्दा किरकोळ नाही.

पुतण्या म्हणाला, "पण काका, मग कॅनडाच्या व्हिसाचा खर्च वाढला."

आम्ही त्याला १८८६ सालचा अमेरिकेचा कायदा सांगितला. परदेशी झेंड्याच्या जहाजाला अमेरिकेच्या बंदरांमध्ये प्रवासी फिरवायचे तर वाटेत परदेशी बंदरावर थांबावेच लागते. मोठ्या बोटींवर झेंडे असतात बहामाचे, पनामाचे, बर्म्युडाचे. म्हणून सिएटलहून निघालेली बोटही कॅनडाच्या व्हिक्टोरिया बंदराला लागतेच, आणि भारतीय पासपोर्टवाल्याला तिथला व्हिसा लागतोच. म्हणजे खर्च दोन्हीकडे सारखा. मग आडोशाची वाट का सोडायची? पुतण्या गप्प झाला. शिकलेल्या पोराला गप्प करण्यात जो आनंद आहे तो बढतीतही नाही.

खोलीबाबत फार लिहीत नाही. गॅलरीची खोली महाग. हिमनदीसमोर बोट सावकाश गोल फिरवतात, त्यामुळे दोन्ही बाजूंना सारखे दिसते आणि वरच्या मोकळ्या डेकवर सगळ्यांना जागा असते. पण वहिनी उठून वर जातीलच असे नाही. म्हणून खिडकीची खोली, खालच्या मजल्यावर, बोटीच्या मध्यभागी, लिफ्टपासून जवळ. मध्यभागी हेलकावे कमी बसतात. आणि बोट धक्क्याला लागते की भर पाण्यात नांगर टाकून छोट्या होडीने माणसे नेतात, हे प्रत्येक बंदराचे विचारून घेतले. गुडघेदुखीच्या माणसाला होडीत उतरवणे म्हणजे शिक्षा.

एवढे झाल्यावर तक्ता दादांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून वाचला आणि एकच विचारले, "या बोटीवरच्या पोरांची ड्युटी किती तासांची?"

हा रकाना आमच्या तक्त्यात नव्हता, आणि कुठल्या जाहिरातीतही नसतो. आमच्या वस्तीतला एक मुलगा अशाच एका बोटीवर लाँड्रीत आहे. सुट्टीवर आला होता, त्याला घरी बोलावले. तो म्हणाला, "आठ-नऊ महिन्यांचा करार असतो काका, आणि तेवढ्या काळात रविवार नाही." २०१३ पासून लागू असलेल्या आंतरराष्ट्रीय करारानुसार खलाशाकडून दिवसाला चौदा आणि आठवड्याला बहात्तर तासांपर्यंत काम घेता येते. बाबासाहेब मजूरमंत्री असताना १९४६ साली आपल्या कारखान्यांतला आठवडा चोपन्न तासांवरून अठ्ठेचाळीसवर आला, हे दादांना तोंडपाठ आहे. बहात्तरचा आकडा ऐकून त्यांनी चष्मा काढून ठेवला. सफर नको म्हणतात की काय, अशी आम्हाला धास्ती वाटली.

पण त्या मुलानेच तोड काढली. "आजोबा, तुम्ही नाही गेलात तर माझे तास कमी होणार नाहीत. फक्त बक्षिसीचे पैसे काढायला लावू नका." बोटीवर माणशी दररोज पंधरा-वीस डॉलर बक्षिसी आपोआप बिलात लागते. पुष्कळ प्रवासी शेवटच्या दिवशी काउंटरवर जाऊन ती रद्द करून घेतात. दोन माणसांचे सात दिवसांचे दोनशे डॉलरच्या वर होतात. ती रक्कम आम्ही तिकिटाच्या किमतीत धरूनच बेरीज केली. दादांनी सही केली.

आम्ही त्यांना आणखी एक कागद लिहून दिला आहे. ग्लेशियर बे हा हुना त्लिंगित या आदिवासींचा मूळ मुलूख. अठराव्या शतकात पुढे सरकलेल्या बर्फाने त्यांना तिथून उठवले, आणि पुढे उद्यानाच्या नियमांनी त्यांच्या शिकारीवर व मासेमारीवर बंधने आणली. आता तिथे बोटीवर उद्यानाचे रेंजर चढतात, आणि काही बोटींवर हुना लोकांचे मार्गदर्शकही असतात. त्यांचे ऐकावे. पुढे जुनो लागेल. हे राजधानीचे शहर, पण बाहेरून तिथे रस्ता जात नाही. १९४१ साली त्या भागातल्या एका हॉटेलवर "आदिवासींना प्रवेश नाही" अशी पाटी होती. एलिझाबेथ पेराट्रोविच या त्लिंगित बाईने पतीसह तिच्याविरुद्ध गव्हर्नरला पत्र लिहिले. १९४३ साली विधेयक पडले. १९४५ साली ती विधिमंडळापुढे उभी राहून बोलली आणि १६ फेब्रुवारीला भेदभावबंदीच्या कायद्यावर सही झाली. महाडचे तळे ज्यांना माहीत आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. वहिनींनी तो कागद पर्समध्ये घडी करून ठेवला आहे.

ज्यांच्या मुलांना एवढा खर्च पेलवणार नाही त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगून ठेवतो. १९६३ पासून अलास्का सरकारची स्वतःची बोटसेवा आहे, अगदी आपल्या एस.टी.सारखी. लोक डेकवर खुर्चीत झोपतात, काहीजण तंबूही बांधतात. ती याच आडोशाच्या पाण्यातून जाते.

सफर जूनमधली ठरली. मे-जूनमध्ये तिकडे पाऊस त्या मानाने कमी आणि दिवस अठरा तासांचा. तरी केचिकन बंदराला वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, म्हणून छत्र्या नकोत, टोपीचे रेनकोट घ्या, असे सांगितले. दादा म्हणाले, गोदीतला जुना रेनकोट आहे. तो काही वहिनी नेऊ देणार नाहीत.